दुपारी बरोबर, संध्याकाळी शाल : एका क्लायमेट कंट्रोलची तपासणी

लासलगावचे कांद्याचे एक व्यापारी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन आमच्या नाशिकच्या गॅरेजला आले. त्यांनी तक्रार एका दमात सांगितली. मी ती जॉबकार्डावर त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली: "भाऊ, २४ वर ठेवलं की दुपारी बरोबर. दिवस कलला की आईला शाल लागते. आणि परतताना भिवंडीच्या जाममध्ये एसीच राहत नाही."

मेकॅनिकला अशी तक्रार क्वचित मिळते. बहुतेक गिऱ्हाइकं "एसी कमी आहे" एवढंच सांगतात. शेठनी मात्र वेळ, जागा आणि माणूस तिन्ही सांगितलं. अर्धं निदान त्या वाक्यातच होतं. ते मला त्या दिवशी लगेच दिसलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

गाडी पाच वर्षांची, पेट्रोल सेडान. डॅशवर तापमानाचा आकडा दाखवणारा डिस्प्ले आणि 'ऑटो' लिहिलेलं बटण. शेठ महिन्यातून दोनदा आईंना ठाण्याला डॉक्टरकडे नेतात. दुपारी जेवून लासलगाव सोडायचं, पिंपळगाव, नाशिक, इगतपुरी करत कसारा घाट उतरायचा, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम, वाशीच्या बाजारातलं काम उरकून दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला परत. आई कायम डाव्या सीटवर.

गाडीचा याआधीचा इतिहास असा. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. थंडीत सकाळी गाडी हवी तेवढी गरम होत नाही असं घरातल्यांना वाटायचं, पण नाशिक जिल्ह्यातली थंडीच तशी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मार्चच्या सुरुवातीला एका ठिकाणी "एसी जरा बघा" म्हटल्यावर त्यांनी "सीझनच्या आधी गॅस टाकून देऊ" म्हणत गॅस भरला. त्यानंतर जाममध्ये एसी जायला लागला. दुसऱ्या गॅरेजने "गॅस कमी पडला असेल" म्हणून आणखी भरला. आधीचा गॅस काढून वजन कुणीच केलं नव्हतं.

मी विचारलं, "दिवाळीच्या आसपास गाडीचं काय काम केलं?" शेठ म्हणाले, "काहीच नाही. फक्त मोठा स्क्रीन बसवला, अँड्रॉइडचा."

यंत्र नेमकं काय करतं

पुढचं समजायला साधा एसी आणि क्लायमेट कंट्रोल यांतला फरक डोळ्यांसमोर हवा. साध्या एसीत निर्णय माणूस घेतो. गरम झालं की पंखा वाढवतो, थंडी वाजली की नॉब तांबड्या पट्ट्याकडे फिरवतो. क्लायमेट कंट्रोलमध्ये माणूस फक्त इच्छा सांगतो, "मला २४ हवं." पंखा किती, हवा किती थंड, ती तोंडावर सोडायची की पायांवर, बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची, हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. कल्पना जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेत कॅडिलॅकने 'कम्फर्ट कंट्रोल' नावाने आपोआप तापमान सांभाळणारी यंत्रणा गाडीत आणली. पाया तोच राहिला, पुढे फक्त मेंदू बदलत गेला.

थंडी आणि ऊब बनवणारे भाग दोन्ही प्रकारांत सारखेच असतात. डॅशच्या आत प्लॅस्टिकची मोठी पेटी असते. ब्लोअर हवा ढकलतो, ती आधी कूलिंग कॉइलमधून जाते. कॉइलच्या आत गॅस उकळत असतो. या गाडीत आर-१३४ए आहे, जो वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो हवेतून ओढून घेतो, हवा थंड होते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर सुटतं. गाडीखाली जे थेंब पडतात ते हेच पाणी. मग गॅस कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो.

कूलिंग कॉइलच्या पुढे, त्याच पेटीत, हीटर कॉइल असते. तिच्यात इंजिनचं गरम पाणी फिरतं, ८०–९० अंशांचं. या दोन कॉइलींच्या मध्ये एक फडका, म्हणजे हलणारी झडप, असते. आम्ही त्याला मिक्सिंग फ्लॅप म्हणतो. फडका एका टोकाला असला की सगळी थंड हवा हीटर चुकवून थेट बाहेर येते, दुसऱ्या टोकाला असला की सगळी हवा हीटरमधून जाते, मध्ये असला की दोन्ही मिसळतात. क्लायमेट कंट्रोलची खरी कारागिरी या फडक्यात आहे. एक छोटी मोटर त्याला हलवते आणि "मी इतक्या टक्क्यांवर आहे" असं कॉम्प्युटरला कळवते. मेच्या उन्हातसुद्धा २४ वर ठेवलेल्या गाडीत थोडी हवा हीटरवरून जात असू शकते. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, पण कूलिंग कॉइलमागची चार-पाच अंशांची हवा सरळ अंगावर सोडली तर माणूस दहा मिनिटांत गारठेल.

फडका किती उघडायचा हे कॉम्प्युटर कशावरून ठरवतो? तो एक हिशेब करतो: या क्षणी डॅशच्या जाळीतून किती अंशांची हवा सोडली म्हणजे आतल्या माणसाला २४ वाटेल? त्या हिशेबात चार गोष्टी जातात. मागितलेलं तापमान, केबिनमधलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन. प्रत्येक कंपनीचे गुणक वेगळे असतात. मी आमच्या पोरांना शिकवताना फळ्यावर असं मांडतो:

मागितलेलं × ७, वजा केबिनचं × ३, वजा बाहेरचं × १.१, वजा उन्हाची कपात, वजा ४५.

आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. पण केबिनच्या आकड्याचा गुणक पाहा. ते तापमान एका अंशाने चुकलं तर सोडायची हवा तीन अंशांनी चुकते. सगळा खेळ या सेन्सरवर उभा आहे. पुढचं प्रकरण इथूनच सुरू झालं.

ऊन वेगळं का मोजायचं, हेही लोक विचारतात. हवेचं तापमान कळलं की झालं की! नाही होत. काचेतून येणारं ऊन हवा तापवण्याआधी माणसाची त्वचा तापवतं. थर्मामीटर २४ दाखवत असतो आणि उन्हाच्या बाजूचा हात भाजत असतो. म्हणून डॅशवर पुढच्या काचेजवळ काळ्या मण्यासारखा एक छोटा घुमट असतो. त्याच्या आत प्रकाशाला विद्युत प्रतिसाद देणारा डायोड असतो. ऊन वाढलं की तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर हवा आणखी थंड, पंखा आणखी जोरात करतो.

पहिला दिवस: स्कॅनर काय म्हणाला

मी आधी गॅसचा दाब मोजणारा गेज लावला नाही. आमच्या धंद्यात एसीची गाडी आली की हात आपोआप गेजकडे जातो. मी तो मुद्दाम आवरतो. क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत पहिला प्रश्न "गॅस किती" हा नाही. "गाडीला काय वाटतंय" हा आहे. एसी अशक्त असू शकतो, किंवा तो धडधाकट असून चुकीच्या माहितीवर काम करत असू शकतो. या दोन आजारांची औषधं एकमेकांपासून फार लांब आहेत.

गाडी त्र्यंबक रोडला अर्धा तास चालवून आणली. माझा स्वतःचा थर्मामीटर डाव्या सीटच्या डोक्याजवळ टांगला, एक मधल्या जाळीत खोचला, आणि अंगणातल्या भर उन्हात स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमधले चालू आकडे वाचले. वेळ दुपारी साडेबारा. मागितलेलं २४. केबिन सेन्सर ३१. बाहेरचं ३७. ऊन शून्य. कूलिंग कॉइल ४. फडका पूर्ण थंडीकडे. ब्लोअर जवळजवळ कमाल. जाळीतून येणारी हवा ७ अंश. दोषाचा कोड एकही नाही.

आणि डोक्याजवळचा माझा थर्मामीटर साडेतेवीस.

दोन आकडे डोळ्यांत भरले. केबिन सेन्सर ३१ म्हणतोय, प्रत्यक्षात साडेतेवीस. आणि ऊन शून्य! एप्रिलच्या दुपारी, नाशिकच्या अंगणात. या गाडीच्या मते बाहेर काळोख होता.

मी शेठना विचारलं, "दिवसा हेडलाइट आपोआप लागतात का?" ते चमकलेच. "हो ना! मोटरसायकलवाले सारखे हाताची बोटं उघडझाप करून दाखवतात, लाइट चालू आहे म्हणून. मला वाटलं स्विच बिघडला."

बऱ्याच गाड्यांत ऊन मोजणारा आणि अंधार पडला की हेडलाइट लावणारा सेन्सर एकाच घुमटात असतात. मी डॅशकडे पाहिलं. घुमट दिसत नव्हता. तिथे गणपतीची छोटी पितळी मूर्ती होती, दुहेरी टेपने पक्की चिकटवलेली.

मूर्ती तिथे कशी आली

मूर्ती आधी डॅशच्या मधोमध होती. नवा स्क्रीन डॅशच्या वर चार बोटं डोकावतो, म्हणून स्क्रीन बसवणाऱ्या मुलाने ती उचलून डावीकडे काचेजवळ बसवली. जागा तिला बरोबर जमली, कारण मध्ये तो छोटा घुमट होता आणि मूर्तीची बैठक आतून पोकळ होती. ती त्यावर टोपीसारखी बसली.

शेठ अवघडले. "म्हणजे देवाला हलवायचं?" आई गाडीतच बसून होत्या. त्यांनीच सोडवलं. मूर्तीला हात जोडले आणि म्हणाल्या, "बाळा, देवाला सावली करायला नाही बसवला तिथे. काढ." मी मूर्ती टेप मऊ करून हळू काढली आणि त्यांच्या हातात दिली.

इथे सगळ्यांसाठी एक गोष्ट सांगायची आहे, एसीशी तिचा संबंध नाही. डाव्या बाजूच्या डॅशखाली प्रवाशाची एअरबॅग असते. ती फुटते तेव्हा वरचं झाकण प्रचंड वेगाने उघडतं. तिथे चिकटवलेली पितळी वस्तू समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येऊ शकते. देव, फोटो, घड्याळ, अत्तराची बाटली, काहीही त्या झाकणावर ठेवू नका.

ऊन सेन्सर तपासायची एक पद्धत आहे. मोबाइलची टॉर्च धरून बघू नका. हे डायोड दिसणाऱ्या उजेडापेक्षा उष्ण, अवरक्त किरणांना जास्त ओळखतात, आणि एलईडीत ती जवळपास नसतात. मी जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब यासाठी जपून ठेवला आहे. या गाडीत त्याचीही गरज पडली नाही. मूर्ती निघाली, अंगणातलं ऊन घुमटावर पडलं आणि स्कॅनरवरचा शून्य वर चढला.

उदबत्तीची परीक्षा

आता केबिन सेन्सर. स्टीअरिंगशेजारी, डॅशवर, नखाएवढ्या पट्ट्यांची एक जाळी असते. लोक तिला मायक्रोफोन समजतात. तिच्यामागे थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा सेन्सर, बसलेला असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध घटतो. साधारण खोलीच्या तापमानाजवळ दहा अंश वाढले की रोध एक तृतीयांशाने कमी होतो, एवढा तो संवेदनशील.

पण थर्मिस्टर ज्या हवेत बसलाय तिचंच तापमान सांगणार. डॅशमागची हवा साचलेली असते, उन्हाने आणि तारांच्या उष्णतेने तापलेली. केबिनचं तापमान हवं असेल तर केबिनची हवा सतत त्याच्यावरून वाहती ठेवायला हवी. काही गाड्यांत त्यासाठी सेन्सरमागे बोटाच्या पेराएवढा पंखा असतो. या गाडीत नळी होती. ब्लोअरच्या पेटीवर एक अरुंद तोंड असतं, त्यातून हवा वेगाने निघते आणि जाता जाता नळीतली हवा ओढून नेते. जुन्या घरांत ढेकूण-डासांसाठी फ्लिटचा हातपंप असायचा. दट्ट्या ढकलला की जोराची हवा नळीच्या तोंडावरून जायची आणि खालचं औषध वर ओढलं जायचं. तत्त्व तेच. नळीचं दुसरं टोक सेन्सरच्या मागे जोडलेलं असतं, म्हणून ब्लोअर चालू असेपर्यंत त्या जाळीतून केबिनची हवा हळूहळू आत शिरत राहते.

ती शिरते का, हे पाहायला मी उदबत्ती वापरतो. गाडीच्या काचा बंद, ब्लोअर जोरात, हवा पायांकडे, म्हणजे तोंडावरची हवा धुराला ढकलत नाही. उदबत्तीचं टोक जाळीपासून दोन बोटांवर धरायचं. सगळं ठीक असेल तर धुराची रेघ वाकते आणि जाळीत गायब होते. पेपर नॅपकिनचा बारीक तुकडा लावला तरी तो चिकटून राहतो, पण धूर जास्त स्पष्ट बोलतो.

या गाडीत धूर सरळ वर गेला. जाळीकडे वळलासुद्धा नाही.

मी नवा स्क्रीन बाहेर काढला. मागे तारांचा भारा, आणि त्या भाऱ्यात दबलेली, मधोमध मोडलेली काळी पन्हळी नळी. एक टोक पेटीवर जागेवर होतं, दुसरं सुटून लोंबत होतं. स्क्रीनला मागे खोल जागा लागते, नळी आड येत होती, म्हणून ती काढून बाजूला सारली गेली आणि परत लावायची राहिली. स्क्रीनची मागची बाजू हाताला चांगली गरम लागत होती. सेन्सर त्या उष्णतेच्या शेजारी, साचलेल्या हवेत बसून आपलं काम प्रामाणिकपणे करत होता. तो ज्या हवेत होता ती खरंच ३१ अंशांची होती.

कोड का आला नाही, हेही यातच आहे. सेन्सरची तार तुटली तर रोध अनंत होतो आणि कॉम्प्युटरला उणे तिसाच्याही खालचं, अशक्य तापमान दिसतं. शॉर्ट झाला तर उलट टोकाचं. दोन्ही वेळा तो कोड नोंदवतो. पण ३१ हा पूर्ण शक्य आकडा आहे. एप्रिलमध्ये केबिन ३१ असू शकते. शून्य ऊनही शक्य आहे, रात्री ते तसंच असतं. चुकीची माहिती शक्यतेच्या चौकटीत बसत असेल तर ती चुकीची आहे हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. त्यासाठी बाहेरचा थर्मामीटर आणि तो टांगणारा माणूस लागतो. स्कॅनरने "दोष नाही" म्हटलं की गाडी परत देणाऱ्यांवर म्हणूनच माझा राग आहे.

दुपारी बरोबर का वाटायचं

दोन्ही कारणं सापडली तरी एक गोष्ट मला टोचत होती. सेन्सर सात अंश जास्त दाखवत असेल तर दुपारीही गारठायला हवं होतं. मग दुपारी बरोबर कसं? त्या रात्री घरी वहीवर हिशेब मांडला तेव्हा उलगडलं, आणि शेठचं वाक्य शब्दशः खरं ठरलं.

भर दुपारचं घ्या. केबिन खरोखर २४, बाहेर ३८, आणि उन्हाची कपात १५ धरू. निरोगी गाडीचा हिशेब: १६८ वजा ७२, वजा ४१.८, वजा ४५, वजा १५, म्हणजे उणे ५.८. उणे आकड्याचा अर्थ बर्फासारखी हवा सोडा असा नाही, कॉइल तेवढी थंड होतच नाही. अर्थ एवढाच की फडका पूर्ण थंडीकडे ठेवा आणि ब्लोअर जोरात चालवा.

आता शेठची गाडी, तीच वेळ. सेन्सर ३१ म्हणतो, ऊन शून्य. १६८ वजा ९३, वजा ४१.८, वजा ४५, म्हणजे उणे ११.८. आदेश तोच: पूर्ण थंड, पंखा जोरात. एका सेन्सरने उष्णता वाढवून सांगितली, दुसऱ्याने ऊन लपवलं, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. भर उन्हात गाडीला सगळं बळ लागणारच होतं, म्हणून आत बसलेल्याला काहीच वावगं वाटलं नाही.

मग दिवस कलतो. इगतपुरी मागे पडते, बाहेर ३०, ऊन नाही. निरोगी गाडीत केबिन २४ असताना: १६८ वजा ७२, वजा ३३, वजा ४५, म्हणजे १८ अंशांची हवा. सौम्य, सुखाची. फडका थोडा हीटरकडे सरकतो, पंखा मंदावतो. शेठच्या गाडीत सेन्सर अजून ३१ म्हणतोय: उणे ३. म्हणजे अजून पूर्ण थंड. ऊन सेन्सर आता खरं बोलतोय, कारण खरंच ऊन नाही, पण त्यामुळे केबिन सेन्सरची चूक उघडी पडली. केबिन खरोखर २० वर आली तरी सेन्सर २७ म्हणतो आणि हिशेब ९ अंशांची हवा मागतो. आईंनी शाल का पांघरायची नाही?

थंडीतलंही कोडं सुटलं. डिसेंबरच्या सकाळी केबिन १७ असताना सेन्सर २२–२३ सांगत असेल, तर यंत्राला वाटणार की आता जवळपास पोचलो, हीटर आवरा.

हिशेबावर विसावलो नाही. दुसऱ्या संध्याकाळी दुरुस्तीच्या आधी मुद्दाम गाडी घोटीपर्यंत नेली. सात वाजता डोक्याजवळचा थर्मामीटर साडेएकोणीस, स्कॅनरवर केबिन २७. वही आणि रस्ता जुळले.

आणि गॅस

भिवंडीची तक्रार मात्र वेगळ्या मुळाची होती, तिच्याकडे आता गेज घेऊन गेलो. उभ्या गाडीत उच्च दाबाची बाजू २४ बार दाखवत होती आणि चढत होती. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस ४८० ग्रॅम लिहिलेला. मशीनने पूर्ण काढून वजन केलं तर ६९० निघाला.

जास्त गॅस म्हणजे जास्त थंडी, ही समजूत घराघरात आहे. घडतं उलटं. जादा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत तुंबून बसतो, उष्णता टाकायला जागा कमी उरते, दाब वाढतो. गाडी वेगात असेल तर समोरचा वारा सांभाळून घेतो. भिवंडीच्या जाममध्ये भर दुपारी वारा नाही, पुढच्या ट्रकचा गरम धूर थेट कंडेन्सरच्या जाळीत, दाब ३० बारच्या आसपास गेला की सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर नळी फुटेल. दाब उतरला की पुन्हा चालू. गिऱ्हाइकाला वाटतं एसी गेला, गॅस कमी आहे. आणि मग त्यात आणखी गॅस पडतो.

हा आजार शेठच्या गाडीला उपचारातून झाला होता. आर-१३४ए हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, म्हणून तो मोकळा सोडून पुन्हा भरणं हेही पाप आहे. वजनकाटा आणि काढून घेणारं मशीन नसेल तर गॅसला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम पाऊण तास ठेवला, गळती नाही हे पाहिलं, आणि ४८० ग्रॅम मोजून भरला.

दुरुस्ती

कामं छोटी होती. मोडलेली नळी बदलून नवी घातली, स्क्रीनच्या वरून वळवून सेन्सरला जोडली आणि तारांचा भारा पट्टीने बांधून तिच्यापासून दूर केला. उदबत्ती धरली, धूर वाकून आत गेला. स्कॅनरवरचा केबिनचा आकडा ३१ वरून उतरू लागला आणि चार-पाच मिनिटांत २५ वर आला. माझा थर्मामीटर त्या वेळी साडेचोवीस होता. फडक्याची मोटर दोन्ही टोकांना नेऊन पाहिली, ती नीट होती. केबिन फिल्टर बदलला.

मग तीच परीक्षा, तोच रस्ता, संध्याकाळी सात. मागितलेलं २४, डोक्याजवळ २४, पंखा इतका मंद की शेठनी विचारलं, "बंद पडला का?" जाळीतून येणारी हवा १७ अंश. बंद नव्हता. त्याला पुरे झालं होतं.

महिनाअखेरीस शेठनी ठाण्याहून परत येताना दुपारी भिवंडीहून फोन केला. एसी चालू होता, पण डिस्प्लेवर बाहेरचं तापमान ४४ दाखवत होतं, तेही बिघडलं का? नाही. तो सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो आणि उभ्या गाडीत इंजिनाची, रस्त्याची, पुढच्या गाडीची उष्णता खातो. कॉम्प्युटरला हे माहीत असतं, म्हणून गाडी थांबलेली असताना वाढलेला आकडा तो लगेच हिशेबात धरत नाही, वेग आला की मगच विश्वास ठेवतो. त्यांना म्हटलं, पडघा ओलांडल्यावर बघा. त्यांनी बघितलं, ३८ झाला होता.

स्क्रीन बसवणाऱ्या मुलाचा नंबर मी शेठकडून घेतला होता. भांडायला नाही. त्याला बोलावलं, जुनी मोडलेली नळी हातात दिली आणि ती काय करते ते उदबत्ती लावून दाखवलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पाणी जायची नळी असेल आणि स्क्रीनच्या तारांत नको, असं वाटून त्याने ती बाजूला केली होती. ती नळी तो खिशात घालून घेऊन गेला.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "दादा, एक गाडी उघडलीय. हिच्यात नळी नाहीये, सेन्सरमागे बारीक पंखा आहे, त्याचा कनेक्टर आड येतोय. लांबवून लावू ना?"

म्हटलं, लाव. आणि डॅश बंद करायच्या आधी उदबत्ती धरून बघ.